सिनेमातली बाई आणि आमची जयवंता

जयवंताचा दिवस पहाटे चारला सुरू होई. त्या वेळी पानं नरम असतात. ऊन चढलं की पळसाचं पान कडक होतं आणि काडी घालताना फाटतं. म्हणून चूल पेटवायच्या आधी ती पत्रावळींच्या पानांना हात लावी. ओल्या गोणपाटाखालून गड्डी काढायची, मोठं पान मधे ठेवायचं, बाकीची भोवती लावायची, आणि बांबूची बारीक काडी आत-बाहेर घालून मोडायची. काडी जास्त ताणली तर पान चिरतं, सैल राहिली तर वरण गळतं. तिच्या पत्रावळीतून वरण गळल्याचं मी कधी ऐकलं नाही. शिळफाट्याचा दुकानदार तिच्या गड्ड्या सोडूनही बघत नसे.

हे काम ती घरात बसून करी. घराबाहेर ती पडत नसे.

तिचा नवरा हिरू आणि मी खोपोलीच्या कागद गिरणीत एकाच खात्यात होतो. गठ्ठे वाहायचं काम. आमची घरंही एकमेकांना लागून, शिळफाट्यापासून कोसभर आत. त्यामुळे जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे.

आधी ती सगळीकडे जायची. डोक्यावर पत्रावळी घेऊन फाट्याला, लावणीला, नदीवर. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात ती फाट्यावर माल घेऊन उभी होती. बोरघाट उतरून येणारे ट्रक, बाजाराची गर्दी, हे सगळं तिला रोजचंच. पण त्या दिवशी तिची छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. तिने विजेचा खांब धरला आणि सोडला नाही. हिरूला बोलावून आणलं तेव्हा ती तशीच होती.

"काय झालं गं?" त्याने विचारलं.

"पायाखालची जमीन कोनीतरी काढून घेतल्यावानी झालं. खांब धरला तवा थांबलं."

पुढच्या बाजाराला ती निम्म्या वाटेवरून परतली. मग नदी सुटली, मग विहीर, मग अंगण. दोन वर्षांत तिचं जग उंबऱ्याच्या आत आलं. भगत येऊन गेला. कोंबडी त्याने खाल्ली, दोरा जयवंताच्या मनगटावर राहिला. हिरूने खोपोलीहून डॉक्टरला सायकलवर बसवून आणलं. त्यांनी छाती तपासली, छातीत काही नाही म्हणाले, रक्तवाढीची बाटली लिहून दिली. बाटलीने रक्त वाढलं असेल. उंबरा होता तिथेच होता.

घरात मात्र ती पूर्वीसारखीच होती. शहाणी, कामाला चोख, बोलायला तिखट. हिरूच्या डब्यातल्या भाकरीला कधी चीर नसायची. ठाकरवाडीची ठकी डोंगरातून पानांचा भारा आणायची. ती आत बसून चहा घ्यायची आणि दोघी तासभर हसत असायच्या. पाणी भरणं, बाजार करणं, आईच्या न्हाणीतली घाण काढणं हे मुलीकडे, शकूकडे. शकू तेव्हा लहान होती, तरी कुरकुरली नाही. गावालाही सवय झाली होती. जयवंता बाहेर येत नाय, एवढंच. त्यापुढे कोणी बोलत नसे.

ही सवय सिनेमाने मोडली.

हिरूचा धाकटा भाऊ नामा. त्याला सिनेमाचं वेड. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला तो मला ओढून नेई. खोपोलीत पत्र्याचं थिएटर होतं. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, तरी लोक दाटीने बसायचे. भीतीचे, खुनाचे सिनेमे नामाला विशेष आवडत.

एकदा असाच एक सिनेमा लागला. टेकडीवर बंगला. त्यात एक बाई, जी कधीच बाहेर पडत नाही. खिडकीचा पडदा जरा बाजूला होतो, तिचा एक डोळा दिसतो, आणि बाजा वाजायला लागतो. खाली गावात माणसं मरत असतात.

नामाने मला कोपर मारलं. "विठूदादा, आपली वैनी."

"गप बस. बघ मुकाट."

"तिला पन असंच व्हतं. भाईर येत नाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ती पत्रावळीवाली का रं?" आणि चार-सहा जण हसले. आमच्या गावचे बरेच होते तिथे.

शेवटी खुनी तीच निघाली. घरात बसून बसून तिचं डोकं फिरलेलं असतं, असं त्या सिनेमाचं म्हणणं.

मी अशा बायका-माणसांचे आणखी तीन-चार सिनेमे पुढे पाहिले. सगळ्यांत तेच. घरात बसलेलं माणूस एक तर खून करतं, नाही तर खिडकीतून खून बघतं आणि कोणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. घर नेहमी मोठं, दिवा नेहमी मंद. ती बाई दिवसभर करते काय, हे एकाही सिनेमात दाखवलं नाही. पाणी कोण भरतं, पीठ कोण आणतं, घाण कोण काढतं, पोटाला पैसा कुठून येतो, काही नाही. नुसती बसलेली असते, केस सोडून. जयवंताला केस सोडून बसायला वेळ नव्हता. आणि ती घाबरायची, घाबरवायची नाही. हा फरक पडद्यावर मावत नसावा.

पण तिकीट काढून पाहिलेलं माणसाला खरं वाटतं. आठवडाभरात गावाने जयवंताचं नाव 'बंगलेवाली' पाडलं. बंगला कसला, कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं, गवती छपराचं दोन खणांचं घर. उजेडासाठी ती खिडकीशी बसून पानं टाचायची. आता त्या खिडकीपुढून जाताना बाया तान्ह्या पोराच्या तोंडावर पदर घेऊ लागल्या.

विहिरीवर चिंधी म्हणून एक बाई होती, जिभेची सैल. ती एकदा शकूला म्हणाली, "काय गं शकू, तुज्या आयशीनं आज कोनाला बगितलं खिडकीतून?"

"तुमच्या म्हशीला," शकू म्हणाली. "ती बी तोंड वाकडं करूनच गेली."

बाया हसल्या. शकूने कळशी उचलली आणि घरी आली. आईला तिने सांगितलं नाही, पण जयवंताला कळायचं ते कळलं. ती खिडकीपासून उठून आत माजघरात बसायला लागली. तिथे उजेड नाही. चिमणी पेटवून, डोळे ताणून ती तेच काम करू लागली. माल तेवढाच द्यायची, वेळ दीडपट लागायचा.

एकोणसत्तर साली शकूचं जमलं. मुलगा कर्जतच्या बाजूचा, चांगला, घरची भातशेती. त्याचा बाप धाकलू रोखठोक माणूस होता. तेव्हा आमच्यात लग्न मुलाच्या दारात लागायचं. मुलीकडची माणसं तिला घेऊन जायची. धाकलूपर्यंत बंगलेवालीची गोष्ट पोचली होती. बैठकीत त्याने सरळ विचारलं.

"कन्यादानाला कोन बसनार?"

हिरू म्हणाला, "तिचे मामा-मामी बसतील."

"मामी नको. आई हाय ना? मग आईनं पानी सोडायचं. आई चार मानसांत बसलेली दिसली की लोकांची तोंडं बंद. नायतर उद्या माज्या सुनेला बी लोक तसंच म्हनतील. मी वाईट बोलत नाय, हिरू. मला गावात रहायचं हाय."

आत जयवंता ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती हिरूला म्हणाली, "मी जाईन."

आणि तिने खटपट केली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गावात कोणी हे जमेला धरलं नाही. रोज काम आवरलं की ती दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून एक पाय अंगणात ठेवायची. घाम फुटायचा, ओठ पांढरे पडायचे. पाय आत घ्यायची, पाणी प्यायची, परत ठेवायची. गठ्ठा उचलताना माणसाच्या मानेच्या शिरा फुगतात, तशा तिच्या फुगायच्या. मी जन्मभर ओझी उचलली. तिच्याएवढं जड मी काही उचललं असेल असं मला वाटत नाही. चैत्र संपता संपता ती चौकट सोडून ओटीच्या कडेपर्यंत आली होती. शकू शेजारी उभी राहायची, हात न लावता. जयवंता म्हणायची, "धरू नगंस. धरलंस तर ते माजं नाय व्हायचं."

अजून महिना मिळाला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

त्याच दिवसांत नामाने एक नवा सिनेमा पाहिला. त्यात समुद्राकाठच्या घरात कोंडून घेतलेली बाई. शेवटी खलनायक घराला आग लावतो. बाई किंचाळत दार उघडून धावत सुटते आणि वाळूत नायकाच्या मिठीत येते. आग तिच्या मागे, भीतीही मागे. पाच मिनिटांत बाई बरी. नामाने तो तीनदा पाहिला.

गिरणीच्या फाटकाशी तो मला म्हणाला, "विठूदादा, भीतीला काय पायजे म्हाईत हाय का? तिच्याहून मोठी भीती."

मला वाटलं, सिनेमाची बडबड चालली आहे. मी पाळीवर गेलो.

वैशाखात आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्यांचा टाहाळ, पाला, गवत असे थर लावायचे, वर बारीक माती टाकायची आणि पेटवायचं. जमीन भाजते, तण मरतं. हे काम सकाळी करतात, वारा पडलेला असताना, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग रांगत जाते. वरची माती ज्वाळेला दाबून ठेवते. नामाला हे सगळं येत होतं. लहानपणापासून करत होता.

पण त्या दिवशी त्याने राब रचला तो हिरूच्या घराच्या पाठीमागे, परसात. टाहाळ ओला घातला, धूर व्हावा म्हणून. माती टाकलीच नाही. आणि पेटवला दुपारी, पश्चिमेचा वारा सुटल्यावर, धूर घरात जावा म्हणून. हिरू पाळीवर होता. शकू नदीवर गेली होती. नामाच्या मनात वाईट काही नव्हतं. वैनी धुराने बाहेर येईल, अंगणात उभी राहील, बघेल की काही होत नाही, आणि पुतणीच्या लग्नाला जाईल. अंगणात तो तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

माझी रात्रपाळी होती, मी झोपलो होतो. नामाच्या ओरडण्याने जागा झालो.

"वैनी, भाईर ये. आग लागली, भाईर ये."

घर धुराने भरलं होतं. जयवंताने दार आतून लावून घेतलं होतं. मी पोचलो तोवर एक ठिणगी छपरावर बसली होती. वैशाखातलं गवत. ते पेटलं कसं म्हणून विचारायला नको. आता नामा खरंच घाबरला. आम्ही दोघांनी दार खांद्याने पाडलं. जयवंता जात्याच्या कोपऱ्यात, तोंडावर ओला पदर धरून बसली होती. तिला तिथून उचललं. ती जात्याचा खुंटा सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली. बाहेर आणून अंगणाच्या मधोमध ठेवली.

सहा वर्षांनी ती उघड्यावर होती.

नामा तिच्यापुढे बसला. "वैनी, बघ, आलीस ना भाईर? काय झालं नाय. डोळे उघड."

तिने डोळे उघडले नाहीत. दोन्ही हातांनी जमीन धरून ती पालथी पडली. श्वासाचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मग ती सरपटायला लागली. कुठे, हे कळायला मला क्षणभर लागलं. ती घराकडे निघाली होती. छप्पर पेटलेलं, वासे तडतडत होते, आणि ती उंबऱ्याकडे रांगत होती. मी पाय धरले तर तिने मला लाथ मारली. अंगात एवढी ताकद कुठून आली, माहीत नाही.

त्याच वेळी ठकी पानांचा भारा घेऊन आली. भारा टाकून ती धावली आणि भाऱ्यावरचं गोणपाट तिने जयवंताच्या अंगावर टाकलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"झाका तिला," ती म्हणाली. "पाय काय धरता? झाका आदी."

गोणपाटाखाली जयवंता थांबली. ठकी तिच्यावर हात ठेवून बसली. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"घर कुठंय?"

"हितंच हाय," ठकी म्हणाली. "भिंती हायेत."

छप्पर गेलं. गावाने विहिरीचं पाणी आणून कूड वाचवले. जयवंताला तसंच गोणपाटात आत नेलं. संध्याकाळी हिरू आला. नामाने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सिनेमाचंही सांगितलं. हिरू ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "मी शेनामातीनं घर बांदलं, तुज्या सिनेमानं पेटवलं," आणि आत गेला. त्यापुढे महिनाभर दोघे भाऊ बोलले नाहीत.

आता घराला भिंती होत्या आणि वर आभाळ होतं. दुसऱ्या कोणाला हे महिन्याभराची अडचण वाटलं असतं. जयवंताला ते फाट्यावरच्या उघड्यासारखंच होतं, फक्त आता ते घरात आलं होतं. हिरूने गिरणीतून जुनी ताडपत्री आणून बांधली. ती वाऱ्याने फडफडे, फटीतून आभाळ दिसे. जयवंता बाजेखाली शिरली आणि बाजेच्या चारी बाजूंनी गोधड्या सोडल्या. तिथेच जेवायची, तिथेच चाचपडत पानं टाचायची. घास दोनच जायचे. शिळफाट्याच्या दुकानदाराने एक गड्डी परत पाठवली. काड्या सैल होत्या. हे पहिल्यांदा झालं. चौकटीपर्यंत जाण्याचं तर नावच नको. तिने कमावलेलं सगळं त्या दुपारी गेलं होतं.

धाकलू आला. आगीची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. त्याने आत डोकावून गोधड्या टांगलेली बाज पाहिली आणि ओटीवर येऊन बसला.

"आईचं राहू दे," तो म्हणाला. "मामा-मामी बसवा. पन तारीख हलवनार नाय. मांडवाचं सामान सांगितलंय, पावसाआदी उरकायचं."

लग्नाचा पैसा म्हणजे जयवंताच्या पत्रावळींचा पैसा. ती मजुरी घरात आणत नसे, दुकानदाराकडेच जमा ठेवायची, शकूच्या नावाने. हिरूच्या पगारात घर चाले, त्यातून उरत काही नसे. तो पैसा एकदाच खर्च होणार होता. लग्न करा, नाही तर घर शाकारा. वासे जळाले होते, तेव्हा नुसत्या गवताने भागणार नव्हतं.

बाजेखालून जयवंता म्हणाली, "लगीन करा. मी हितं राहीन."

शकू चुलीपाशी होती. "पावसाळाभर?"

"राहीन म्हनलं ना."

"पानी आत येईल, आये. बाज तरंगंल तुजी."

"तरंगू दे. तू जा. माज्यापायी घरात राहू नगंस. एकजन राहिली तेवढी बास झाली."

"मी गेल्यावर तुजं पानी कोन भरंल? नामाकाका?"

नामा दारात उभा होता, तो खाली बघायला लागला. शकू उठली, चप्पल घातली आणि एकटीच फाट्याला निघाली. मी पाळीला निघालो होतो, म्हणून वाटेत सोबत झाली.

"विठूकाका," तिने विचारलं, "मंगलोरी कौलांना वासे कसले लागतात? गवती छपराच्या वाशांवर बसतील का?"

"नाय. जाड लागतील. आणि वर पट्ट्या."

"बरं." थोडं चालल्यावर म्हणाली, "म्हंजे सगळेच जातील पैसे."

तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला मोठ्याने ऐकायचं होतं. मी हो म्हटलं.

शकूने दुकानदाराकडचा पैसा उचलून कौलं सांगितली आणि लग्न राहिलं. धाकलू म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत त्याच्या मुलाचं दुसरीकडे झालं. मी त्याला दोष देत नाही. आईच्या बाबतीत त्याने एकदा शब्द सोडला होता, दोनदा कोण सोडतं. शकूला पुढे दोन स्थळं आली, ती दारातूनच परत गेली. एकाने तर विचारलं, घरात घुसून आगीत बसणारी ती हिचीच आई का? सिनेमातली बाई आगीतून पळून बरी होते. जयवंता पळाली नाही, म्हणून ती वेडी ठरली.

पुढे नामा मोहोपाड्याला केमिकल कंपनीत लागला आणि तिकडेच राहिला. सिनेमे त्याने सोडले नाहीत. दिवाळीला यायचा, वैनीच्या पाया पडायचा, ती त्याला चकली द्यायची.

कौलं मात्र आगीच्याच वर्षी बैलगाडीतून आली, मृगाच्या आठवडाभर आधी. वासे सागाचे, रंधा मारलेले. सुतार एक होता, बाकी आम्हीच. हिरू, मी आणि नामा. त्या कामापुरते दोघे भाऊ बोलले. "पट्टी दे", "खिळा दे", एवढंच. शकू खालून कौलं देत होती. खालून देणं वरून लावण्याहून जड असतं. हात सारखे डोक्याच्या वर. दिवसभर तिने हात खाली घेतले नाहीत.

एकेक ओळ बसत गेली तसा आत अंधार होत गेला. तिसऱ्या प्रहरी बाजेभोवतीची एक गोधडी बाजूला झाली आणि जयवंता बाहेर आली. भिंतीला पाठ लावून ती वर बघत उभी राहिली. आढ्यापाशी एक फट राहिली होती.

"नामा भावजी," ती म्हणाली, "तिथं उजेड दिसतोय."

नामाने कौल सरकवलं. "आता?"

"अजून थोडं."

त्याने आणखी सरकवलं. फट मिटली. जयवंता खाली बसली आणि शकूला म्हणाली, चहा ठेव.

तिच्या आठ वर्षांच्या पहाटांतून शेवटी आलं ते हे. दोन खणांवरची मंगलोरी कौलं, सागाचे वासे, आणि त्यांच्याखाली पानं टाचत बसलेल्या दोघी मायलेकी.